नानांचा रिमोट आणि माझा हट्ट

फोन आला तेव्हा मी नानांवर चिडलेलीच होते. टीव्हीवर चित्र होतं, आवाज नव्हता. बातम्या देणारी मुलगी हातवारे करून काहीतरी गंभीर सांगत होती आणि मी पलंगावर चार रिमोट मांडून एकेक दाबत होते. नाना, म्हणजे माझे यजमान, आठवडी बाजाराला गेले होते. आले की आधी झापायचं आणि मग चहा टाकायचा, असं मी मनात ठरवलं होतं. तेवढ्यात ओळखीच्या भाजीवाल्याचा फोन. "बाई, नाना बसल्या जागी कलंडले. दवाखान्यात नेलंय. लौकर या." मी पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं… घरी परत आले तर टीव्ही तसाच चालू. मी भिंतीवरचं बटणच बंद केलं. नानांनी खास माझ्यासाठी तयार केलेला पाचवा रिमोट टीव्हीखालीच पडला होता. एक बटण दाबलं की सगळं चालू, असा. त्याला मी कधी हात लावला नव्हता. का लावला नव्हता, तेच आज सांगायचंय.

दीड महिना झाला. भेटायला येणारे म्हणतात, बाई, तुम्ही शिक्षिका, नानांवर चार ओळी लिहा. चार ओळींत मावणारा माणूस नव्हता तो! वीज मंडळात वायरमन म्हणून उभी नोकरी भूम तालुक्यात केली. पावसावाऱ्यात खांबावर चढायचे, आणि खाली आले की ज्याच्या घरी लाइट आली त्याच्याच घरचा चहा प्यायचे. आवाजाचं वेड मात्र पहिल्यापासून. निवृत्त झाल्यावर पुढच्या खोलीत होम थिएटर बसवलं. चार कोपऱ्यांत चार स्पीकर, टीव्हीखाली एक, आणि पलंगाजवळ एक मोठा, ज्याला आम्ही ढोल म्हणायचो. क्रिकेटची मॅच लागली की मैदानातल्या टाळ्या पाठीमागून यायला पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. टाळ्या यायच्या, आणि त्यासोबत मांडणीवरची भांडीही वाजायची. मी ओरडायचे, "अहो, माणसांच्या घरात राहतो आपण!" ते हसून आवाज आणखी दोन घरं वाढवायचे.

पण ह्या थाटाला रिमोट चार. टीव्हीचा एक, अँप्लिफायरचा एक, केबलच्या बॉक्सचा एक आणि जुन्या सीडी प्लेअरचा एक. चारही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रबर लावलेले, त्यामुळं अंधारात सगळे सारखेच. मला संध्याकाळच्या बातम्या लागतात. नुसत्या बघायला नाही, भांडायला लागतात. त्या लावायला दर वेळी नानांना हाक मारावी लागायची. दोन वर्षांपूर्वी त्यांना छातीचा पहिला झटका आला. सोलापूरच्या दवाखान्यातून परत आले ते गप्प गप्प. आठ दिवसांनी कुरिअरनं एक रिमोट आला. बाकीच्या रिमोटांची कामं ह्या एकालाच शिकवता येतात, असा.

तीन आठवडे चष्मा लावून, बनियनवर बसून त्यांनी त्या रिमोटचा पिच्छा पुरवला. सुरुवातीला भलतंच व्हायचं. लाइट जाऊन आली की बॉक्स आपोआप चालू होऊन बसायचा, आणि मग एक बटण दाबलं की टीव्ही उठायचा, बॉक्स झोपायचा. नानांना तो अपमानच वाटला. "जल्मभर लोकांच्या घरची लाइट निस्तरली, आन् आता घरातबी तेच व्हय?" शेवटी त्यांनी बॉक्सला छोटा इन्व्हर्टर जोडून टाकला. लाइट गेली तरी बॉक्सला पत्ताच लागू द्यायचा नाही! मग एका संध्याकाळी मला बोलावलं. सगळं चालू करायच्या बटणावर त्यांनी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. "बाई, हिकडं ये. लई सोपं केलंय. म्या नसलो तरी तुझं आडायला नको."

शेवटचं वाक्य ते बोलले नसते तर मी तो रिमोट त्याच दिवशी हातात घेतला असता. पण ते बोलले आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, "नसलो तरी म्हणजे? कुठं निघालात? मी हे शिकणार नाही. तीस वर्षं पोरांना शिकवलंय, मला शिकवायला येऊ नका." त्यांनी पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. मी गहू निवडत बसायचे, कान तिकडंच, पण मान वर करायची नाही. तुम्हाला हसू येईल, पण माझा एक हिशेब होता. जोवर मला टीव्ही लावता येत नाही, तोवर ह्या माणसाला घरी राहावंच लागेल. माझं अडतंय म्हटल्यावर तो जाईलच कसा? हाका मारून मारून त्यांना मी इथं धरून ठेवणार होते. दोन वर्षं धरलंही… मग ते बाजाराला गेले.

तेराव्यापर्यंत टीव्ही बंदच होता. सुतकात लावत नाहीत. चौदाव्या दिवशी माझा मुलगा संदीप, तो पुण्याला असतो, म्हणाला, "आई, बातम्या लाव, जरा माणसात ये." त्यानं लाल ठिपका दाबला. बॉक्स उठेना. मेला होता, आणि उघडून बघणारा आता घरात नव्हता. केबलवाल्यानं दुसऱ्याच कंपनीचा बॉक्स आणून दिला. त्याचा रिमोट वेगळा, आणि नानांच्या रिमोटला हा बॉक्स ओळखू येईना. संदीप माझ्याकडं बघत म्हणाला, "आई, तुला साधा टीव्ही लावता येत नाही. एकटी कशी राहणार इथं? पंधरा दिवसांनी न्यायला येतो. हे सगळं कुणाला तरी देऊन टाकू." पोरगा वाईट नाही. काळजीपोटीच बोलला. पण मला ते वर्गातल्या ढ मुलीला बोलल्यासारखं लागलं. हे घर आम्ही दोघांनी बांधलं, इथल्या गल्लीत माझी निम्मी हयात गेली, आणि मी का म्हणून कुणाच्या तिसऱ्या मजल्यावर बसून खिडकीतून गाड्या मोजू?

तो गेल्यावर कडी लावली आणि नानांचा रिमोट घेऊन टेबलाशी बसले. त्याच्यासोबत आलेला माहितीचा कागद इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. गहू निवडता निवडता कानावर पडलेलं तेवढंच भांडवल. सेटचं बटण दाबून धरायचं, लाल दिवा लागला की नानांच्या रिमोटचं बटण दाबायचं, मग नव्या बॉक्सच्या रिमोटचं. दिवा तीनदा लुकलुकला की तो शिकला. माझा दिवा काही लुकलुकेना. दोन दिवस! दोन्ही रिमोटची तोंडं मी टीव्हीकडं करून बसले होते, रिमोटची तोंडं तिकडंच असतात म्हणून. तिसऱ्या दिवशी एकदम ह्यांचा आवाज आठवला. "अगं, समोरासमोर बसवायचं त्यास्नी. भांडलेल्या नवराबायकोवानी." मी एकटीच मोठ्यानं हसले, आणि हसता हसता रडले ते पार दुपार होईस्तोवर. मग डोळे पुसले आणि दोघांना नाकाला नाक लावून बसवलं. एकेक बटण शिकवत गेले. लुकलुक, लुकलुक, लुकलुक.

सगळं झाल्यावर लाल ठिपका दाबला. टीव्ही लागला, बॉक्स लागला, चित्र आलं. आवाज नाही. रिमोट आपटणारच होते, तेवढ्यात ढोल घुमला आणि मांडणीवरची भांडी खणखणली. पुन्हा बंद करून पुन्हा लावलं, घड्याळ लावून बघितलं. सहा सेकंद. अँप्लिफायर जुना, त्याला जागं व्हायला वेळ लागतो, म्हणून नानांनी मध्ये तेवढा थांबा घालून ठेवला होता. टीव्ही आणि अँप्लिफायर त्यांनी शिकवलेले, बॉक्स मी शिकवलेला, आणि मध्ये ते सहा सेकंद.

पंधरा दिवसांनी संदीप मोठी रिकामी बॅग घेऊनच आला. "कपडे भर आई." मी म्हटलं, "आधी बस. तो ठिपका दाब." दाबला. चित्र आलं, खोली गप्प. "नाही झालं," म्हणून त्यानं हात पुढं केला. "थांब," मी म्हटलं. आवाज आला. तो माझ्याकडं बघतच राहिला. "कुणी करून दिलं?"

"कुणी कशाला करून देईल? मला हात नाहीत का?"

मग त्याच्यातला इंजिनिअर जागा झाला. "मधला हा वेळ फार आहे. कमी करून देऊ?"

"हात लावशील तर बघ!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारीण दारात आली. "तो वेळ तुझ्या वडलांनी ठेवलाय. मी त्याला धक्का लावला नाही, तूही लावायचा नाही. आणि मी कुठंही येणार नाही." त्यानं रिमोट हळूच खाली ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते. माझेही आले, लपवत नाही.

निघताना त्यानं बॅग उचलली तर ती जड लागली. मी आत शेंगदाण्याची चटणी आणि तूरडाळ भरली होती. दारात घुटमळत म्हणाला, "आई, आमच्याकडं पण तीन रिमोट झालेत. येऊन त्यांचा एक करून देशील?"

"देईन की. परतीचं तिकीट काढून ठेव."

आता रोज संध्याकाळी सात वाजता मी बटण दाबते. चित्र येतं. मग ते सहा सेकंद… तेवढ्यात मी नानांना दिवसभराचं सांगून घेते. बहुतेक तक्रारीच असतात. ते काही म्हणणार, एवढ्यात ढोल घुमतो, आणि मी बातम्यांशी भांडायला बसते.