पारा भोळा असते

ताप आलेल्या पोराच्या कपाळाला हात लावायच्या आधी आमचे मास्तर त्याची काख हुंगत. काखेत कांदा ठेवला की अंग तापतं, ही विद्या आमच्या बोर्डिंगात सगळ्यांना येत होती आणि मास्तरांना ते ठाऊक होतं. गोष्ट उमरखेडची, विदर्भ मुंबई राज्यात गेला त्या सुमाराची.

मास्तर मूळचे नेरचे. शिकवायचे पदार्थविज्ञान. बिस्किटाच्या डब्यात ज्वारी घालून खुळखुळवत. "हे पदार्थातले कण. हळू हलले तर थंड, जोरानं हलले तर गरम. तापमान म्हंजे दुसरं काही नाही." मग बारीक डोळ्यांनी आमच्याकडे पाहत. "आता कण तापानं हलले, का कोणी थर्मामीटर घोंगडीवर घासून हलवले, पाऱ्याले काय समजते? पारा भोळा असते. मी नाही."

आम्हा बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या पोरांवर त्यांचा डोळा जरा जास्तच. होळी आली की आम्हाला हटकून ताप येतो, असं त्यांचं म्हणणं. आमच्यात होळी हा वर्षाचा सण आणि घरी जायला रजा फक्त आजाऱ्याला, त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं.

एका होळीच्या आदल्या दिवशी मला खरोखरच ताप भरला. मास्तरांनी काख हुंगली, घोंगडी काढून घेतली, थर्मामीटर लावलं. पारा चढला. तो झटकून त्यांनी थर्मामीटर पुन्हा लावलं आणि मी काही करू नये म्हणून माझे दोन्ही हात धरून बसले. पारा पुन्हा तिथंच.

"काहून रे, काय केलं?"

"काहीच नाही जी."

हा माणूस मला मरू देईल पण खोटाच ठरवेल, अशी माझी खात्री झाली. आणखी एकदा पाहिलं तेव्हा त्यांचा आवाज उतरला. "हे कण तर आपल्याच मनानं हलून राह्यले रे बाबू." हात मात्र सोडले नाहीत. तसंच धरून बैलगाडीतून दवाखान्यात नेलं.

होळीच्या सकाळी ते स्वतः तांड्यावर सांगायला गेले. माझी आई, आम्ही तिला याडी म्हणतो, दारात उभी होती. पुढचं तिनंच कितीदा सांगितलं. ती म्हणाली, "खोटं सांगून राह्यले मास्तर. परीक्षेपायी पोराले अडकवून ठेवलं तुमी."

मास्तरांना राग आला नाही. "मी बी नसता ठेवला भरोसा, बाई. चाला, पाहून घ्या."

भर उन्हात ते तिला दवाखान्यात घेऊन आले. याडीनं माझ्या गळ्याला हात लावला, मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "बसा जी."

काही वर्षांनी मास्तर गेल्याचं कुणीतरी सांगितलं. माझा विश्वास बसला नाही. स्वतः पाहून घ्यायला बस धरून नेरला गेलो. त्यांच्या पत्नीनं चहा टाकला, कपाळावर कुंकू नव्हतं. मग मात्र मला रडू आवरलं नाही.