उद्घाटनाआधीचं बाकडं

सासूबाईंनी माझ्या माशांना नावं ठेवणं सोडलं, तेव्हा मी खरी घाबरले.

मी लग्न होऊन नेरूळला आले तेव्हापासून मासळीबाजार त्यांचा. सोसायटीतून शिरवणे गावातल्या बाजारापर्यंत त्या चालत जायच्या, कोळणीशी भांडायच्या आणि जिंकून यायच्या. मग गुडघे कुरकुरायला लागले. वाटेत टेकायला जागा नाही, एवढ्याशा अंतराला रिक्षावाला नाक मुरडतो, म्हणून पिशवी माझ्याकडे आली. सुरुवातीला मी काहीही आणलं तरी उद्धार ठरलेला. "ह्यो बांगडो मेलो तेवा तुजा लगीन तरी झाला होता काय गो?" मला राग यायचा, पण घर भरल्यासारखं वाटायचं. एका रविवारी मात्र मी आणलेला मऊ पडलेला मासा त्यांनी मुकाट्याने खाल्ला, हात धुतला आणि खिडकीशी जाऊन बसल्या. बाई आतून खचली, हे मला त्या दिवशी कळलं.

पालिका वस्तीतल्या छोट्यामोठ्या कामांसाठी थोडा निधी देते, असं ऐकून होते. मी सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना गाठलं आणि बाजाराच्या वाटेवर एक बाकडं मागितलं. काका निवृत्त, नियम हाच त्यांचा विरंगुळा. त्यांनी लगेच मीटिंग लावली. बाकडं हवं यावर सगळ्यांचं एकमत झालं, कुठे यावर कुणाचंच होईना. आमच्या खिडकीखाली नको, पोरं बसतील. आमच्या नको, जोडपी बसतील. एकंदरीत सगळ्यांना असं बाकडं हवं होतं, ज्यावर कुणी बसणार नाही. शेवटी ज्या वळणावर कुणाचीच खिडकी नाही, तिथे बदामाखाली ते ढकललं गेलं. मला तेच वळण हवं होतं, नेमकं अर्ध्या वाटेवरचं. मी चेहरा पाडून बसले, नाहीतर कुणीतरी हरकत घेतली असती.

बाकडं आलं. पाठीवर माजी नगरसेवकांचं नाव आणि 'यांच्या प्रयत्नातून'. उद्घाटन ठरलं, लाल फीत बांधून झाली आणि निवडणूक जाहीर झाली. आचारसंहिता! पालिकेचा माणूस येऊन नावावर कागद चिकटवून गेला. तेवढ्यावर भागलं असतं, पण काकांनी अख्खं बाकडं निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. "उद्घाटन झाल्याशिवाय वापर नाही. उगाच टेन्शन कशाला?"

आणि नवल म्हणजे सगळ्यांनी ऐकलं. एरवी भर सिग्नलला स्कूटर दामटणारी माणसं संध्याकाळी त्या बाकड्याभोवती कोंडाळं करून, उभ्याउभ्या गप्पा मारायला लागली. एकाने नुसतं कोपर टेकवलं तर त्याला दटावलं. मीही त्यातलीच. घरी येऊन सासूबाईंना म्हटलं, "निकाल लागेपर्यंत थांबा."

"माज्या गुडग्यांचो निकाल आदीच लागलो हा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिळ्यावरची पिशवी गायब. मी घरातल्याच सपाता घालून धावले. सासूबाई प्लास्टिकसकट त्या बाकड्यावर बसल्या होत्या. शेजारी पिशवी, पिशवीतून डोकावणाऱ्या बांगड्यांच्या शेपट्या. बाजार करून परत निघालेल्या! समोर काका हवालदिल होऊन उभे.

"आजी, अहो, उद्घाटन व्हायचंय अजून!"

"मगे करा मा. तवसर मी बसलंय." मग त्यांनी काकांकडे नीट पाहिलं. "तुमीव टेका वायच. तुमचे पाय दुखनत नाय?"

काकांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि हळूच टेकले. प्लास्टिक करकरलं. "बरं वाटतं हो," ते पुटपुटले.

दुपारी कालवण मी केलं. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि हात थांबला.

"बांगडे इतके ताजे, आनि तू तिरफळां घालूक इसारलंस? काय सांगाचा तुजा!"

मग जेवण संपेपर्यंत माझ्या कालवणाचा, माझ्या भाताचा आणि माझ्या माहेरचा उद्धार चालू होता. मी मान खाली घालून जेवत होते. हसू आवरत नव्हतं आणि डोळेही भरून आले होते.

तिरफळं मी खरंच विसरले होते. पुढच्या वेळी मात्र मुद्दाम विसरणार आहे.