पाच जणांना पाठवलेलं गुपित

प्रतीक्षा एका जागी बसणारी पोरगी नव्हतीच. सोमाटण्यात माझ्या इंग्रजीच्या क्लासला यायची, तेव्हा बाकाखाली तिचा पाय सारखा हलायचा. परंदवडीची. शिकून जवळच्याच एका कारखान्याच्या ऑफिसात लागली. धाकटा भाऊ पवन तिथंच ठेकेदाराकडे तिसऱ्या पाळीला होता.

मार्चमधल्या एका मंगळवारी तिचा फोन आला. मॅडम, एखादी गोष्ट बाहेर फुटू नये, हे इंग्रजीत कसं लिहायचं? गोष्ट कोणती, हे विचारायच्या आधीच मी शिकवायला लागले. ही माझी खोडच आहे. म्हटलं, कागदोपत्री लिहायचं तर ‘स्ट्रिक्टली कॉन्फिडेन्शियल’. ओळखीच्या माणसाला लिहायचं तर ‘प्लीज कीप इट टू युवरसेल्फ’. अर्थ तोच, पण पहिल्यात धाक असतो आणि दुसऱ्यात विश्वास.

गोष्ट मला नंतर कळली. महिनाअखेरीस तिसरी पाळी बंद होणार होती आणि ठेक्यावरची चाळीस माणसं घरी जाणार होती. नोटीस लागेपर्यंत फक्त पाच सुपरवायझरांना कळवायचं होतं आणि ते पत्र प्रतीक्षानं लिहायचं होतं. चाळिसांच्या यादीत पवनचं नाव होतं. त्याच आठवड्यात त्याला चाकणहून कामाचं बोलावणं आलं होतं, शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. घराजवळचं काम सोडून एवढ्या लांब कशाला जायचं, म्हणून तो नकार देणार होता.

तिनं आधी ‘स्ट्रिक्टली कॉन्फिडेन्शियल’ घालून जड इंग्रजी लिहिलं. त्या शब्दांआड लपता येत होतं; बोलणारी कंपनी, आपण नाही. साहेबांनी पत्र परत पाठवलं. आपले सुपरवायझर असलं काही वाचत नाहीत, सही करून ड्रॉवरमध्ये टाकतात, साधं लिही म्हणाले. तिनं मग ते दुसरं, साधं वाक्य लिहिलं. लिहिताना तिला वाटलं, हे आपण आपल्यालाच बजावतोय.

त्यानंतर तिला घरात चैन पडेना. भरलेला हंडा पुन्हा भरायला जायची. ‘पवन’ म्हणून हाक मारायची आणि भाकरी वाढू का, एवढंच विचारायची. बुधवारी तिनं मला परत फोन केला. मॅडम, त्या दोन्ही वाक्यांतलं कुठलं मोडणं जास्त वाईट? मी आपली पुस्तकी, म्हणाले, पहिलं मोडलं तर नोकरी जाते, दुसरं ज्याच्या त्याच्या मनावर. तिनं फोन ठेवला. तेव्हा तरी मी विचारायला हवं होतं. आजही मला माझाच संताप येतो.

शुक्रवारी सकाळी पवननं अंगणात उभं राहून चाकणला फोन करून ‘येत नाही’ असं कळवलं. ती दारातच होती, डब्याची पिशवी हातात धरून. बस चुकेल म्हणून निघून गेली.

इकडे साधं इंग्रजी पाचही जणांनी नीट वाचलं होतं. आमच्याकडे ‘कुणाला सांगू नको’ म्हटलं की त्यात घरचं माणूस धरत नाहीत. एकानं मेव्हण्याला सांगितलं, एकानं पुतण्याला. मारुती सुपरवायझरनं पवनच्याच पाळीतल्या आपल्या भाच्याला, पप्पूला सांगितलं. ज्याचं त्याचं माणूस नोटिशीआधीच सावध झालं. पवननं सोडलेली चाकणची जागा शनिवारी पप्पूला मिळाली आणि त्यानंच भोळेपणानं पवनला सगळं सांगून टाकलं.

पवन घरी आला तेव्हा प्रतीक्षा कपडे वाळत घालत होती. तो ओरडला नाही. बादलीतला एक पिळलेला कपडा उचलून त्यानं तिच्या हातात दिला.

“लय जणांना ठाऊक व्हतं, ताई. पप्पूला त्याच्या मामानं सांगितलं. ज्याच्या त्याच्या घरात कुणी तरी सांगनारं व्हतं,” तो म्हणाला. “माझ्या घरात तू व्हतीस.”