मारोतीभाऊंनी बटन दाबलं नाही

पस्तिसाव्या मिनिटाला मी मारोतीभाऊंना तिसऱ्यांदा विचारलं, "चटका लागते का भाऊ?" मान हलवायला मनाई होती, म्हणून त्यांनी बोट हलवलं. नाही. दुसऱ्या हाताच्या मुठीत बटन होतं. मूठ घट्ट होती, पण अंगठा बटनावर नव्हता. हे मला दिसलं होतं. त्याचा अर्थ मात्र कळला नाही.

मी रेडिओथेरपी टेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. चंद्रपूरच्या एका हॉस्पिटलमध्ये इंटर्न आहे. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. बाबा तलावात मासे धरतात आणि पोरगा लाईट द्यायला शिकतो असं गावात सांगतात. ते फारसं चूक नाही. रेडिएशनला आमच्याकडे लाईटच म्हणतात.

मारोतीभाऊ वडशाकडचे, पन्नाशीतले. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, खाऊन गालात कॅन्सर झाला आणि मानेत मोठी गाठ आली. ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. म्हणून रोज रेडिएशन आणि आठवड्यातून एकदा हायपरथर्मिया, म्हणजे गाठीला उष्णता. गाठ साधारण बेचाळीस अंशांपर्यंत तापवायची आणि तासभर तशीच ठेवायची. त्यानं गाठ जळत नाही, पण तिच्या पेशी कमजोर होतात आणि रेडिएशन जास्त लागू पडतं. नुसत्या शेकण्यानं कॅन्सर जात नाही. हे मला गावात पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

मानेवर पाण्याची पातळ पिशवी ठेवतात आणि तिच्यावर उष्णता देणारं यंत्र. पिशवीतलं पाणी फिरत राहतं आणि कातडीला जपतं. तापमान मोजायला बारीक सेन्सर लावलेले असतात. पण सेन्सर जिथे लावला तिथलंच सांगतो. उरलेल्या कातडीचा सेन्सर म्हणजे पेशंट. त्याच्यासाठी ते बटन, चटका लागला की दाबायचं.

त्या दिवशी पिशवी काढली तेव्हा जबड्याच्या कोपऱ्यावर चिंचोक्याएवढा लाल डाग दिसला. थोडी लाली येतेच. ही थोडी जास्त होती. आमच्या फिजिसिस्ट मॅडम शेजारच्या खोलीत होत्या. जाऊन सांगावं की नाही, असं माझं झालं. वर्गातही मला कळलं नाही तर मी हात वर करत नाही. हा इथपर्यंत आला कसा, असं कोणाला वाटू नये म्हणून. मी रजिस्टरमध्ये 'तक्रार नाही' लिहिलं आणि जेवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे फोड होता.

मॅडमनी तो पाहिला आणि विचारलं, "काल काही दिसलं होतं?"

"हो मॅडम. नेहमीची लाली असेल असं वाटलं."

"रजिस्टर दिसलं ते लिहायला आहे की तुम्हाला वाटलं ते?"

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. जबड्याजवळ पिशवीला घडी पडली होती, त्यामुळे तिथे पिशवी कातडीला टेकलीच नव्हती. तेवढ्यात डॉक्टर सर आले. फोड फुटून वाढला तर रेडिएशन थांबवावं लागेल, म्हणाले. मध्येच थांबलं की गाठीला वाढायला सवड मिळते. आज लाईट द्यायचा, पण फोडावर रोज लक्ष ठेवायचं. पुढच्या आठवड्याची उष्णता रद्द. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पेशंटला तुम्हीच सांगा."

मी वॉर्डात गेलो. मारोतीभाऊ खुशीत होते.

"फोड आला ना? म्हंजे लागू पडून राह्यलं."

त्यांच्या बायको कॉटशेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "चटका तं कालच लागला होता गा. मले सांगतलं, तुमाले नाई."

मी भाऊंना विचारलं, "मंग बटन काऊन नाई दाबलं?"

त्यांचं तोंड दोन बोटंच उघडतं. ते हळूहळू बोलले. "पयल्या बारीले दाबलो होतो. मॅडमनं आच कमी केली. आच कमी झाली का धान पोटात कच्चं राह्यते."

मारोतीभाऊंनी राईस मिलमध्ये वीस वर्षं धान उकडलं आहे. उसना तांदूळ करताना धान गरम पाण्यात भिजवून वाफवतात. आच पोचली की नाही ते एक दाणा तोडून बघतात. मध्ये पांढरा ठिपका दिसला तर तो कच्चा. त्यांच्या हिशोबात बटन दाबणं म्हणजे आपली गाठ आपणच कच्ची ठेवणं. म्हणून ते तासभर चटका सोसत पडून राहिले.

मला पुस्तकातलं उत्तर येत होतं. ते इथे चालणार नव्हतं.

मी विचारलं, "अन् आच जास्त झाली तं?"

"धान फुटते."

"मंग?"

"मंग काय, मालक शिव्या देते."

बायको हसल्या. भाऊ हसले नाहीत. त्यांचा हात फोडाकडे गेला. तो मी धरला. मग सगळं सांगितलं. बटन दाबलं की आम्ही पिशवी नीट करतो, लागलं तर आच थोडा वेळ उतरवतो आणि तेवढा वेळ पुढे वाढवून देतो. त्यानं गाठ कच्ची राहत नाही. फोड वाढून लाईट बंद पडला तर राहते.

त्यांनी हात सोडवून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "हे पयले काऊन नाई सांगतलं?"

"मले वाटलं तुमाले माहीत असन."

पुढचे चार दिवस मी रोज सकाळी आधी त्यांच्या कॉटपाशी जात होतो. फोड वाढला नाही. पाचव्या दिवशी तो सुकायला लागला. रेडिएशनचा एकही दिवस चुकला नाही.

उष्णता पुन्हा सुरू झाली तेव्हा मारोतीभाऊंनी सहाव्याच मिनिटाला बटन दाबलं. पिशवीला खरंच घडी होती. त्यानंतर त्या तासात त्यांनी आणखी सात वेळा दाबलं. त्यात एकदा तर फक्त आता किती वेळ झाला ते विचारायला. मॅडम म्हणाल्या, "यांनाच इंटर्न ठेवू या."

आता तीन महिने झाले. मानेतली गाठ हाताला लागत नाही. सर अजून 'बरा' हा शब्द वापरत नाहीत, 'पुढच्या महिन्यात या' म्हणतात. बटन कधी दाबायचं ते आम्ही प्रत्येक पेशंटला सांगत होतो. दाबल्यावर काय होतं ते कोणाला सांगत नव्हतो. आता रजिस्टरमध्ये त्याचा वेगळा रकाना आहे. तो भरायचं काम माझ्याकडे आहे.

मागच्या आठवड्यात मॅडम डोसचं एक गणित शिकवत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "समजलं?" मी हात वर केला आणि नाही म्हणालो. त्यांनी पुन्हा समजावलं. ते ऐकायला वर्गातल्या आणखी दोघांनी वही उघडली.