घरच्यांसाठी राखलेला चिखल

माझ्या मावशीचे पाय पूर्वी कधी पूर्ण कोरडे असल्याचं मला आठवत नाही. ओहोटी लागली की ती खुरपं आणि जाळीची पिशवी घेऊन खाडीच्या तोंडाशी उतरायची आणि कमरेत वाकून चिखलातून शिंपल्या काढायची. पाणी परतू लागलं की तीही परतायची. तिचा दिवस समुद्र ठरवायचा. त्यामुळे तिची आंघोळ कधी पहाटे व्हायची, कधी भर दुपारी.

बाजारात तिचं नाव होतं. तिच्या शिंपल्यांत वाळूचा कण दाताखाली येत नसे. आणलेल्या शिंपल्या ती बादल्यांतल्या खाऱ्या पाण्यात ठेवी आणि पाणी बदलत राही. तेवढ्या वेळात त्या पोटातली वाळू थुंकून टाकत. तळाशी बसलेला थर ती गिऱ्हाइकाला मुद्दाम दाखवायची. "बघा, हे तुमच्या पोटात जायचं होतं."

काका, म्हणजे तिचा नवरा, वरच्या डोंगरातल्या खाणीत डंपर चालवायचे. खनिज धुतलेलं पाणी ओढ्याने खाली यायचं आणि ओढा खाडीला मिळतो तिथे मऊसूत गाळ साठायचा. मावशी त्या जागेला 'लोणी' म्हणायची. वाळूचा मागमूस नाही, पाय अलगद आत जाणार, आणि शिंपल्या कशा भरलेल्या! ही जागा तिने घरच्यांसाठी राखली होती. विकायच्या शिंपल्या पलीकडच्या रेताड काठावरून यायच्या.

"डोंगर मी फोडायचा आणि लोणी हिने खायचं," काका म्हणायचे.

"मग लग्न कशाला केलं मी?"

सून गरोदर राहिली. मुलगा जहाजावर, त्यामुळे तिचं सगळं मावशीच बघत होती. पहिले महिने सुनेच्या पोटात काही ठरेना. फोडणीचा वास आला तरी ती मोरीकडे धावायची. एक दिवस शिंपल्यांचं गरम सूप मात्र टिकलं.

"आई, तुमच्या हातचं तेवढंच खाली उतरतं हो."

हे वाक्य मावशीने आम्हा सगळ्यांना फोन करून ऐकवलं. मग काय, ती रोज लोण्यात उतरू लागली. मोठ्या मोठ्या निवडून आणायची.

त्याच सुमारास शहरातून खाडीतला गाळ तपासणारी एक बाई आली. ती चिखलात प्लास्टिकची नळी उभी खुपसायची आणि आत अडकलेला गाळ पिशवीत भरून न्यायची. एकदा बुटांसकट रुतली, तेव्हा मावशीने तिला काखेत हात घालून ओढून काढलं. दोघींची गट्टी जमली. म्हणूनच तपासणीचं उत्तर आल्यावर ती आधी मावशीकडे आली.

"शिसं निघालंय, कॅडमियम निघालंय," काठावर बसत ती म्हणाली. "रेताड भागात कमी आहे. ओढ्याच्या तोंडाशी सगळ्यात जास्त. गाळ जितका बारीक, तितके हे धातू त्याला जास्त चिकटतात."

मावशी खुरपं पुसत होती. "बारीक म्हणजे, ते मऊ?"

"हो. तिथलं काही खाऊ नका."

"पण मी पाणी बदलते ना. त्या सगळं थुंकतात."

"वाळू थुंकतात, मावशी. हे त्यांच्या मांसात मुरतं." मग तिने विचारलं, "तिथलं कोणी खातं का?"

मावशीने खुरपं पुन्हा पुसायला घेतलं.

घरी तिने समुद्र खवळलाय असं सांगून भाजी केली. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. खिडकीतून समुद्र झोपल्यासारखा दिसत होता.

"सांगू नकोस तिला," मावशीकडून सगळं ऐकल्यावर काका हळूच म्हणाले. "उगाच घाबरेल पोर. आणि खाणीतले साहेब म्हणालेत की ओढ्याचं पाणी स्वच्छ आहे."

"मग साहेबांना म्हणावं, एक तांब्या प्या."

 काकांना पगार त्याच साहेबांकडून मिळत होता. पण मावशीच्या डोक्यात एकच होतं, पोटातलं बाळ. आणि डॉक्टरांना कळायचं तर आधी सुनेला कळायला हवं होतं.

सून कपड्यांच्या घड्या घालत होती. मावशीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सून बराच वेळ एकाच टॉवेलची घडी घालत राहिली.

"आणि बाजारात कुठल्या द्यायच्या?"

"रेताड काठावरच्या."

"म्हणजे लोकांना बऱ्या, आणि मला..."

"मला लोण्यातल्याच बऱ्या वाटायच्या गं."

तपासणीत सुनेच्या रक्तात शिसं निघालं, असायला नको तेवढं. डॉक्टर म्हणाले, शिंपल्या बंद, गोळ्या सुरू. बाळाचं आत्ताच काही सांगता येणार नाही. पुढच्या तपासणीत आकडा थोडा उतरला. थोडाच.

मावशीने दोन्ही काठ सोडले. बादल्या मागच्या भिंतीशी पालथ्या पडल्या आहेत. तिचे पाय आता कोरडे असतात आणि टाचांना भेगा पडल्या आहेत. ओहोटीच्या वेळेला ती अजून उठते, दारापर्यंत जाते आणि मग दाराजवळचं काहीतरी उचलून जागेवर ठेवते.

सून तिच्यावर ओरडली नाही, रुसलीही नाही. फक्त जेवायला बसताना विचारते, "हे कुठलं?" कडी लावली का, असं विचारावं तसं. मावशी सांगते, तेव्हाच ती पानाला हात लावते.

परवा मी तिथे होते. सुनेचे दिवस भरत आलेत. ती भिंतीला धरून खाली बसली आणि दमून काही न विचारता तिने ताट पुढे ओढलं. मावशीचा हात पातेल्याच्या झाकणावर तसाच राहिला.

"कोबी आहे," ती म्हणाली. "डोंगरापलीकडच्या मळ्यातला."

"मी विचारलं नाही, आई."

"नाही विचारलंस," मावशी म्हणाली आणि तिने झाकण काढलं.