प्रतिष्ठा न फुगवता

फुटबॉल व्यवस्थापनाच्या संगणकीय खेळात सुरुवातीलाच विचारतात, तुम्ही पूर्वी कोणत्या पातळीवर खेळलात? त्या उत्तरावर तुमची प्रतिष्ठा ठरते आणि प्रतिष्ठेवर नोकरीचे प्रस्ताव. दादा आणि मी एकाच खेळात उतरलो. त्याने ‘माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू’ निवडले आणि एका नामांकित क्लबने त्याला लगेच बोलावले. मी सर्वांत खालचा पर्याय घेतला. मोजमाप विश्वासार्ह हवे असेल, तर आरंभीचे मूल्य फुगवायचे नसते, हे प्रयोगशाळेतल्या नोकरीत माझ्या अंगवळणी पडले होते. केवळ निकालांच्या जोरावर मोठे दार उघडते का, एवढेच मला पाहायचे होते.

माझ्या प्रत्येक अर्जाला नकार आला. अवधपुरीतल्या आमच्या घरात दादाला चिडवायला विषय मिळाला.

“मॅडम अजून बेरोजगार? अगं, टाक ना थोडं खोटं. इथे कोण चेक करायला बसलंय?”

“मी बसलेय.”

अखेर तळाच्या विभागातल्या, सतत हरणाऱ्या एका क्लबने मला घेतले. त्याला मी दोनदा वरच्या विभागात नेले. तोवर ओळीने सामने हरलेल्या दादाला त्याच्या क्लबने काढून टाकले आणि ती जागा मला देऊ केली.

“माझी खुर्ची घेणार तू?” दादा ओरडला. “स्वाभिमान आहे की नाही? तुला आधी नकार दिला होता त्यांनी!”

नकार परत करून बाणेदार दिसता आले असते. पण मला दिसायचे नव्हते. ते पद हवे होते, आणि ते मी मिळवले होते. मी प्रस्ताव स्वीकारला.