चांगला कंडेन्सर

बायकोला हे माहीत नाही. बबनला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही तात्यांना ओळखत नाही — आणि ओळखत असता तर मी तोंड उघडलं असतं का? नसतं.

मी तसा शिस्तीचा माणूस. अवसरीला एका वर्कशॉपचं स्टोअर सांभाळतो. कुठला नट कुठल्या खणात आहे, डोळे मिटून सांगेन. घरीही तेच. सगळ्याची यादी, काम झालं की काट. मुलीच्या शिक्षणासाठी ती आणि तिची आई पुण्याला राहायला गेल्या, तेव्हा सामानाची यादी मीच केली. एकही वस्तू मागं राहिली नाही. राहिलो तो मी.

जीपचं खूळ त्यानंतरचं. बबन माझा शाळेपासूनचा मित्र. घरची मेंढरं थोडी, बाकी शेती. त्याच्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, उभी हयात घोडेगावहून वर डोंगरातल्या गावांना वडापची, म्हणजे माणशी भाडं घेऊन सवाऱ्या नेणारी, जीप चालवली. माणसं, भाताची पोती, बाळंतिणी — सगळं त्या जीपनं वाहिलं. मग ती शेतात उभी राहिली. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. आम्ही ती ट्रॅक्टरनं ओढून माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये आणली आणि दर रविवारी तिच्यामागं लागलो. नवं ताडपत्रीचं हूड, जाड टायर, पुढं लोखंडी गार्ड. मागं मला समोर तोंड करून बसायच्या सीट हव्या होत्या. तात्या ऐकेनात. आडवी बाकडीच ठेवा म्हणाले, नाहीतर पोती मधी कुठं ठेवायची? आता कोण पोती आणणार होतं? पण बाकडी ठेवली.

तात्यांना एकच हवं होतं — एकदा स्वतः चालवत ती जीप वर न्यायची. गावोगाव त्यांना ओळखणारी माणसं होती. "सुऱ्या, हातपाय चालत्यात तवर कर बाबा," मला म्हणायचे. "नंतर मला काय टपावर बांधून नेणार हाय का?"

रंगाबद्दल सांगू का? शेवाळी हिरवा दिला होता — नको. मी टाळतोय, हे मलाही कळतंय.

बबन सकाळी यायचा, भाकरी-ठेचा घेऊन. दिवसभर आम्ही गाडीखाली. बोलणं तरी काय — पाना दे, बोल्ट धर, कांद्याला भाव नाही. संध्याकाळी तो गेला की शेडमध्ये त्याचा चहाचा कप राहायचा. तो मी लगेच धूत नसे. मी, ज्याच्या घरात उष्टं भांडं क्षणभर राहत नाही. हे का सांगतोय? सबब म्हणून नाही. असं होतं, एवढंच.

थंडी संपता संपता एका रविवारी इंजिन चालू झालं. गोड आवाज. बबननं तिथूनच तात्यांना फोन लावून तो ऐकवला. पुढच्या रविवारी वर जायचं ठरलं. आणि माझ्या मनात पहिला विचार कुठला आला असेल? त्याच्या पुढच्या रविवारी बबन कशाला येईल?

बुधवारी कामावरून आलो. पेट्रोल गाडीत ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला एक कंडेन्सर असतो, करंगळीच्या पेरापेक्षा थोडा मोठा, एका स्क्रूवर बसतो. नवा काढला. जुना, गेलेला, लावला; त्यावर इंजिन लागतं, पण टिकत नाही. दिसायला दोन्ही सारखेच. घाई केली का? नाही. काम व्यवस्थित केलं.

रविवारी तात्या इस्त्रीचं धोतर नेसून आले. चाकाला नारळ फोडला, स्टिअरिंगला हात लावून पाया पडले. गाडी चालू झाली, वेशीपर्यंत गेली, आचके देत बंद पडली. पुन्हा लागली, पुन्हा पडली. आम्ही ढकलत परत आणली. तात्या चाकामागंच बसून होते, उतरेचनात.

"राव, मिसिंग येतंय कशानं?" बबननं विचारलं.

मी म्हणालो, कार्बोरेटर बघावा लागेल.

मग कार्बोरेटर. मग टाकीतला गंज. मग एक पार्ट, जो मिळत नाही म्हणून सांगितलं. रविवार येत राहिले. तात्या आधी दर वेळी यायचे, मग फोन करायचे, मग फक्त बबनकडून विचारायचे. मी थांबू शकलो असतो — कुठल्याही बुधवारी. थांबलो का?

पावसाळ्यात तात्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली.

ते दवाखान्यातून घरी आल्यावर मी चांगला कंडेन्सर बसवला आणि बबनला बोलावलं. चावी फिरवताच इंजिन लागलं. बबननं मला मिठी मारली. "तू नाद सोडला नाहीस म्हणून झालं, राव," म्हणाला. मी त्याची पाठ थोपटली. तेव्हा तरी सांगायचं की नाही? मी बॉनेट बंद केलं.

गाडी त्याच्या दारात नेली. तात्यांना बाजेवरून बसतं केलं. त्यांनी बराच वेळ बघितली, मग डावा हात माझ्याकडं केला. बोलणं जड झालं होतं, पण मला नीट कळलं. "लई कष्ट घेतलंस, पोरा."

दोन दिवसांनी बबन गाडी परत घेऊन आला. "दारात दिसली की तात्या रडत्यात," म्हणाला. "तुझ्याकडंच असू दे." चावी दिली आणि निघाला. चहाला थांबला नाही. रविवारी तात्यांना अंघोळ घालायची असते, ते एकट्या आईला उचलवत नाहीत.

गाडी माझ्याकडं आहे. बॅटरी उतरू नये म्हणून आठवड्यातून एकदा चालू करतो. एका दमात लागते.